मोराची थैली

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की गावातली शहाणी माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत. त्या साली मात्र शहाणे आणि येडे सगळेच उन्हात फिरत होते, कारण बियाण्याची बोंब होती. मागच्या दिवाळीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागला आणि कापणीला आलेलं धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आडवं झालं. लोंब्या पाण्यात राहिल्या, दाण्यांना जागच्या जागी कोंब फुटले. खायला ते कसंबसं चाललं, पण पुढच्या सालासाठी घरचं बीज म्हणून ठेवावं असं मूठभरही कोणाकडे उरलं नाही. आंधळगावच्या दुकानात जावं तर दुकानदार म्हणे, आठ दिवसांनी माल येईल. आठ दिवसांनी जावं तर पुन्हा तेच म्हणे.

सेवकरामचे चार एकर गावच्या तलावाखाली होते. जमीन चांगली, पण त्याचं नाव जमिनीमुळे नव्हतं, दातांमुळे होतं. धानाचा दाणा दाढेखाली धरून तो टक्क करून फोडायचा आणि सांगायचा, याला अजून दोन उन्हं पाहिजेत. गिरणीवालासुद्धा त्याचं ऐकायचा. पंचावन्न वर्षांचा, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. माणसाला स्वतःचं वजन ठाऊक असलं की तोलणाराही कधीतरी दारात येतोच.

तो आला बुधवारी सकाळी. पांढरी पिकअप गावात शिरली ती कोणाला न विचारता थेट सेवकरामच्या दारात उभी राहिली. आतून पस्तिशीचा एक जण उतरला. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, पायात बूट. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसलेल्या सेवकरामच्या पायाला त्यानं वाकून हात लावला.

"पाय लागतो काकाजी. मी वीरेंद्र. साकोलीकडून येऊन राहिलो. तिकडे लोकायनं सांगतलं, त्या गावात धान समजते तं एका सेवकरामजीलेच समजते."

पायाला हात लावून एवढं बोलल्यावर कोण उठून उभा राहणार? सेवकरामनं त्याला खाटेवर जागा दिली. वीरेंद्रनं ड्रायव्हरला हाक मारली आणि थैल्या उतरायला सुरुवात झाली. दहा-दहा किलोच्या पांढऱ्या थैल्या, त्यांवर पिसारा फुलवलेला मोर. ते बियाणं गावाला माहीत होतं. मोरवालं म्हणूनच सगळे ते मागत आणि यंदा तेच कुठं मिळत नव्हतं.

"दुकानात भाव माहीत हाये ना?" वीरेंद्र म्हणाला. "मी अर्ध्यात देऊन राहिलो. कंपनीच्या गोदामातला डायरेक्ट माल. पन आजचाच दिवस. सकाऊन हे गाडी दुसऱ्या तालुक्यात जाते."

त्यानं एका थैलीच्या कोपऱ्याला बारीक भोक पाडून चार दाणे सेवकरामच्या तळहातावर ठेवले. सेवकरामनं एक दाणा दाढेखाली घेतला. टक्क असा आवाज आला. तोवर सपरीसमोर दहा-बारा माणसं जमली होती आणि सगळी त्या दाढेकडं बघत होती.

"वाळलेला हाये. कडक हाये," सेवकराम म्हणाला.

एवढंच तो म्हणाला. बियाणं चांगलं आहे असं काही तो बोलला नाही, पण ऐकणाऱ्यांनी तेच ऐकलं आणि त्यानंही ते तसं ऐकू दिलं.

आतल्या दारात त्याची सून डिंपल उभी होती. बारावी झालेली, नवरा निकेश बुटीबोरीच्या कंपनीत आणि ही सासू-सासऱ्यांजवळ. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "याचं बिल देता ना भाऊ?"

वीरेंद्र हसला. "वहिनी शिकेल दिसते. बिल फाडलं का टॅक्स लागते. टॅक्स तुमी भरता का मी भरू?"

माणसं खदखदून हसली. सेवकरामला ते हसणं झोंबलं, पण झोंबलं ते सुनेमुळे. "डिंपल, तू पानी आन," तो म्हणाला. डिंपल आत गेली. पाणी तिनं आणलं आणि खाटेखाली ठेवून दिलं.

तासाभरात अकरा घरांनी थैल्या नेल्या. कोणी रोख दिले, कोणी म्हणालं मंगळवारी देतो. वीरेंद्र दिलदार निघाला. मंगळवारी मी नवा माल घेऊन येतोच, तेव्हा द्या, असं म्हणाला. आजचाच दिवस म्हणणारा माणूस मंगळवारी परत कसा येणार, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. वीस थैल्या त्यानं सेवकरामच्या सपरीत रचून ठेवल्या, लागतील त्यांना द्या म्हणून. आणि दोन थैल्या वेगळ्या काढून सेवकरामच्या पायाशी ठेवल्या. "या तुमच्या मानाच्या. याचे पैसे नाई."

सेवकरामची बायको सुलोचनाबाई दुपारी बांधीतून घरी आली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत शेणखताची भुकटी बसली होती. सकाळपासून ती खताचे ढीग फोडत होती. दारातली गर्दी पांगत होती आणि सपरीत थैल्यांची थप्पी लागली होती.

"घरात लगन हाये का जी कोनाचं?" तिनं विचारलं.

सेवकरामनं सगळं सांगितलं. मानाच्या दोन थैल्यांचं शेवटी सांगितलं, तेही भिंतीकडं बघत.

"मान अन् फुकट, दोनी एकाच गाडीत आले का?" सुलोचनाबाई म्हणाली आणि हातपाय धुवायला निघून गेली.

गुरुवार आणि शुक्रवार खतात गेले. पहाटे पाचला निघायचं, दहापर्यंत दाताळ्यानं खत ओढायचं, दहानंतर लोखंडी दांडा हातात धरवत नसे. बांधावरच्या मोहाखाली दोन घास खायचे, चारला पुन्हा उतरायचं. सेवकरामच्या टाचा भेगाळून त्यात खत भरलं होतं. सुलोचनाबाईच्या पाठीवर लुगड्याखाली घामोळ्यांचा पट्टा उठला होता आणि ती ताकाच्या गार मडक्याला पाठ टेकून बसायची. वाटेनं जाणारे येणारे थांबून सांगत, सेवकरामभाऊ, तुमच्यापायी यंदा बीज भेटलं. सेवकराम मान हलवायचा. त्याला बरं वाटायचं. पंचावन्नाव्या वर्षी, खतात उभ्या माणसाला कोणी असं म्हणालं तर बरं वाटणारच.

शनिवारी सकाळी तो पऱ्ह्यासाठी वाफा तयार करायला पुढं गेला आणि सुलोचनाबाई बीज भिजवायला मागं राहिली. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती आधी एका वाफ्यात वाढवायची आणि मग रोवणीला उपटायची. वाफ्यात गेलेलं बीज उगवलं नाही तर रोवणीच्या वेळी सगळे बांधीत उतरलेले असतात आणि आपण बांधावर बसून बघायचं. म्हणून बीज भिजवण्याआधी थैलीला हळदकुंकू लावायची या गावातल्या घराघरांत रीत आहे. बोटभर टिळा लावून भागत नाही. पाची बोटं ओल्या हळदीत बुडवून थैलीच्या पोटावर पंजा उठवायचा, वर कुंकू लावायचं आणि मगच शिवण उसवायची.

सुलोचनाबाईनं मानाची एक थैली पाटावर आडवी ठेवली. वाटीत हळद कालवली, हात बुडवला आणि तो थैलीवर नेता नेता मध्येच थांबवला. मोराच्या पायाखाली, विणीच्या आत, फिकट पिवळा डाग होता. थैली धुतलेली होती, उन्हात वाळवलेलीही असावी, पण विणीत शिरलेली हळद एवढ्यानं जात नाही. ती दारापाशी उजेडात थैली घेऊन गेली. तो पंजा होता. चार बोटं पूर्ण होती आणि करंगळीशेजारचं बोट अर्ध्यावर संपलेलं होतं.

सुलोचनाबाईच्या उजव्या हाताचं ते बोट अर्धंच आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी धान कापताना विळ्यानं टोक नेलं. तिनं हळदीनं थपथपलेला हात त्या डागाजवळ धरला. कोणाचं भूत दिसलं असतं तरी ती इतकी भ्याली नसती. तो हात तिचाच होता.

"डिंपल! अवो डिंपल, इकडे ये!"

डिंपल पिठाच्या हातानं धावत आली. तिनं थैली पाहिली, सासूचा हात पाहिला. "आई, हे तं तुमचीच थैली!"

"माहीच हाये. दोन सालाआधीची."

मग सुलोचनाबाईला सगळं आठवलं, आणि ते आठवताना तिचा चेहरा उतरला. मागच्या उन्हाळ्यात एक भंगारवाला गावात आला होता. लोखंड नको, प्लास्टिक नको, फक्त मोरवाल्या रिकाम्या थैल्या पाहिजेत, त्याही टॅगसकट. एका थैलीला दहा रुपये देत होता. गावभरच्या बायकांनी खुशीनं थैल्या दिल्या. एरवी त्या थैल्यांचं पायपुसणं व्हायचं. सुलोचनाबाईनं आठ दिल्या आणि आलेल्या पैशांतून स्टीलचा झारा घेतला. रिकाम्या थैलीला कोणी एवढे पैसे कशाला देईल, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं.

"मीच विकली वो," ती म्हणाली. "माह्याच थैलीत मलेच भरून आनून देल्लं."

पण रडत बसणारी बाई नव्हती ती. तिनं हात धुतला आणि थैलीच्या तोंडाची शिवण बघायला घेतली. उभा जन्म तिनं असल्या थैल्या उसवल्या होत्या. कंपनीच्या शिवणीचा दोरा बरोबर टोकाला धरून ओढला की सरसर एका दमात निघतो. हा अडकत अडकत निघाला. दोऱ्याखाली भोकांची आणखी एक ओळ होती, रिकामी. डिंपलनं टॅग उजेडात धरला. तारखेवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिनं नखानं कोपरा उचलला आणि खालून मागच्याच्या मागच्या सालची तारीख निघाली.

थैलीतलं थोडं धान त्यांनी सुपात ओतलं. बारीक, जाड, लालसर, सगळं एकत्र. सुलोचनाबाईनं दहा दाणे तळहातावर चोळून फोल काढलं. आत तीन जातींचे तांदूळ निघाले. गिरणीवर भरडायला येतं ते धान होतं ते. पोट भरायला चालेल, पण पऱ्ह्याच्या कामाचं नव्हतं.

"शंभर दाने मोज," ती डिंपलला म्हणाली. "गोनपाटाच्या ओल्या चुंगडीत बांधून ठेव. मंगळवारपर्यंत कितीयले मोड येते पाहू. पन मले आत्ताच समजलं."

आणि ती थैली तशीच डोक्यावर घेऊन ती बांधीकडं निघाली.

सेवकराम वाफ्यातली ढेकळं फोडत होता. त्यानं तिच्या डोक्यावरची थैली पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "भिजवाचं सोडून इकडे कायले आनली?"

तिनं थैली बांधाच्या धुऱ्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सेवकरामनं ऐकलं, पण मानलं नाही. "थैली तुई असन. आतला माल त्यायचा असन. लोकं थैल्या वापरते परत." त्यानं मूठ भरून दाणे घेतले आणि एक दाढेखाली फोडला. "पाय, कडक हाये."

"दाताले ओल समजते जी. जीव नाई समजत."

पस्तीस वर्षांत तिनं त्याच्या दातांना असं काही म्हटलं नव्हतं. सेवकरामनं दाताळं खाली टाकलं. "मंग मी बह्याड हावो का? अकरा घरायले मी देल्लो ते बीज!"

"म्हनूनच डोक्यावर घेऊन आली ना."

तिनं त्याचा हात धरला आणि थैलीवरच्या डागाशी आणला. मग त्याच्या बोटांजवळ आपला हात ठेवला. अर्ध्या बोटाला अर्धं बोट जुळलं. ते बोट कापलं तेव्हा त्यानंच धोतराचा सोगा फाडून बांधलं होतं आणि तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. ते बोट त्याच्याइतकं कोण ओळखणार? तो धुऱ्यावर बसला. त्याला लाज वाटत होती. दोन थैल्या फुकट घेतल्या तेव्हाही ती थोडी वाटली होती आणि तेव्हा त्यानं ती गिळली होती. आता ती सगळी मिळून वर आली.

"मंगळवारी तो येईन तवा पाहू," तो हळूच म्हणाला. "तवपर्यंत मोडाचंही समजन."

"पुष्पानं आज सकाळीच भिजवलं. उद्या तिच्या वाफ्यात जाते ते."

पुष्पाबाई म्हणजे त्यांच्या आळीतली एकटी बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एक एकर स्वतः कसते. वाफ्याचं पाणी तिनं मधुकररावच्या विहिरीवरून एका दिवसापुरतं मागून घेतलं होतं. तो दिवस गेला तर पुन्हा मिळणं कठीण.

"आता कोन्तं तोंड घेऊन जाऊ?" सेवकराम म्हणाला.

"हेच. दुसरं कुठून आनान?"

तो उठला. खतानं भरलेल्या पायांनी, डोक्याला गुंडाळलेलं मुंडासं तसंच ठेवून, भर दहाच्या उन्हात गावाकडं चालू लागला. थैली आता त्याच्या खांद्यावर होती आणि सुलोचनाबाई मागं.

पुष्पाबाई अंगणात घमेल्याशी बसली होती. पाण्यावर फोलाचा थर तरंगत होता आणि ती तो हातानं काढत होती. "लगित पोचट निंगून राहिलं भाऊजी," ती म्हणाली. "मी मनलं, बीज नवं हाये, असन."

"पुष्पाबाई, हे टाकू नोको पऱ्ह्यात," सेवकराम म्हणाला. "खोटं हाये. मी फसलो, अन् तुलेही फसवलो."

पुष्पाबाईचे हात पाण्यातच राहिले. ती भांडली नाही, ओरडली नाही. "माह्यापाशी दुसऱ्या थैलीपुरतं नाई ना भाऊजी," एवढंच म्हणाली. सेवकरामला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधुकररावनं मात्र ती कसर भरून काढली. बारा एकरांचा धनी, सहा थैल्या घेतलेला. तो झुल्यावर बसून पान लावत होता आणि अंगणात त्याची चार माणसं ट्रॅक्टरची ट्रॉली धूत होती. सेवकरामनं उभ्यानंच सांगितलं. मधुकररावनं पान तोंडात घातलं, सावकाश चावलं.

"अस्सं. तुले किती कमिशन होतं रे सेवकराम?"

माणसांनी पाण्याचा पाइप बाजूला धरला. सुलोचनाबाई तोंड उघडणार होती, पण सेवकरामनं हात वर केला.

"दोन थैल्या," तो म्हणाला. "त्याच्यातली एक हे पाय. हिच्यावर माह्याच बायकोचा हात हाये."

मधुकररावनं थैली पाहिली, चिठ्ठीखालची तारीख पाहिली आणि मग आपल्या सहा थैल्या आणवल्या. दोन थैल्यांवर फिकट पंजे निघाले. एक लहानसा होता. मधुकररावची बायको मंदाबाई दारातून म्हणाली, "हा तं माहाच दिसते," आणि मधुकररावचं पान चावणं थांबलं.

दुपारपर्यंत अकरा घरं झाली. एका घरी दार उघडलं नाही, तिथं त्यानं बाहेरूनच सांगितलं. एका घरी म्हातारीनं सेवकरामच्या अंगावर पाण्याचा गिलास फेकला. एका घरी त्याला बसायला खाट दिली आणि ते त्याला सगळ्यांत जड गेलं. पण एकाही वाफ्यात ते बीज गेलं नाही.

इकडं डिंपलनं मोहाडीच्या कृषी अधिकारी मॅडमना फोन लावला. नंबर तिच्याकडं होता, मागच्या साली गावात शिबिर झालं तेव्हा तिनं उतरून घेतला होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि बजावलं. थैल्या उघडू नका, टॅग फाडू नका, चिकटवलेली चिठ्ठी जशीच्या तशी ठेवा, उरलेले पैसे कोणीही देऊ नका, आणि त्याला फोन करून शिव्याही देऊ नका, नाहीतर तो येणारच नाही. डिंपलनं प्रत्येक थैलीचा फोटो काढला. पिकअपचा नंबर तिच्याजवळ बुधवारपासूनच होता. बिल मागितल्यावर माणूस हसला की गाडीचा नंबर लिहून ठेवावा, एवढं तिला कळत होतं. सेवकरामनं ते ऐकलं आणि सुनेकडं बघून मान खाली घातली.

"माह्याकून चुकलं बेटा," तो म्हणाला.

"पानी आनू का मामाजी?" डिंपल म्हणाली. सुलोचनाबाईला हसू आवरेना.

मंगळवारी अकराच्या सुमारास पिकअप आली. या खेपेला तीवर साठ थैल्या होत्या. डिंपलनं आत जाऊन मॅडमना फोन केला. सपरीसमोर माणसं आधीच जमलेली बघून वीरेंद्रचा चेहरा खुलला. तो पायाला हात लावायला वाकला तेव्हा सेवकरामनं पाय मागं घेतले.

"बसा," सुलोचनाबाई म्हणाली. तिनं स्वतः पाणी आणून दिलं. तो पाणी पीत असतानाच अतुल, मधुकररावचा ड्रायव्हर, खताची ट्रॉली घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिथंच उतरला. चाक पंक्चर झालं म्हणे. चाकाकडं कोणीच बघितलं नाही.

"बावा, एक सांगा," सुलोचनाबाई खाली बसत म्हणाली. "दुकानात ज्याची मारामार, ते तुमी अर्ध्यात कसं देता?"

"कंपनीचा डायरेक्ट माल ना काकू."

"मंग कंपनीचा कागद दाखवा. बियाने विकाचं लायसन दाखवा."

"ते ऑफिसात राहते."

"बुधवारी तुमी मनले, आजचाच दिवस. आज मंगळवार हाये. घाई आमची होती का तुमची?"

वीरेंद्रनं गिलास खाली ठेवला. "काकू, कोनी कान भरले तुमचे. बीज उगवलं नाई तं पानी जास्त झालं असन. भिजवाचीही पद्धत राहते."

"पस्तीस सालं झाले, मी भिजवून राहिली," सुलोचनाबाई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "डिंपल, आन वो."

डिंपलनं ओली चुंगडी आणली आणि सगळ्यांसमोर सोडली. शंभर दाण्यांतले मोड आलेले दाणे तिनं एका बाजूला घेतले. अठरा निघाले. उरलेले ब्याऐंशी ओल्या गोणपाटावर मेलेल्या किड्यांसारखे पडून होते. माणसं पुढं सरकली. मग सुलोचनाबाईनं मानाची थैली त्याच्या मांडीवर ठेवली आणि आपला उजवा हात तिच्यावर उघडला.

"हे पंजा पाहा. अन् हे माहा हात पाहा. आता सांगा, हे थैली कोन्त्या गोदामातून आली?"

वीरेंद्रनं बघितलं. तो उठून गाडीकडं निघाला, तेव्हा त्याला ट्रॉली दिसली. मागं वळला, तर मंदाबाई आणि पुष्पाबाई आपापल्या थैल्या डोक्यावर घेऊन वाटेत उभ्या होत्या. कोणी त्याला हात लावला नाही. सुलोचनाबाईनं आधीच बजावून ठेवलं होतं की मारझोड केली तर उलटी आपल्यावरच केस होईल. तो पुन्हा खाटेवर येऊन बसला. त्याचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

अर्ध्या तासात मॅडम आल्या, सोबत दोन पोलीस. थैल्या मोजल्या गेल्या, नमुने काढून सील झाले, पिकअपचा फोटो झाला. वीरेंद्रनं बुधवारी घेतलेल्या रोख पैशांतले बरेच त्याच्या पिशवीतच निघाले. ते जप्त झाले, तक्रारीवर नाव असलेल्यांना पुढं मिळतील असं मॅडम म्हणाल्या. खाटेवर बसून त्या पंचनामा लिहू लागल्या. नाव, गाव, गाडीचा नंबर, टॅगचा नंबर. मग त्यांनी विचारलं, "हे बियाणं इथे विकलं गेलं ते कोणाच्या भरवशावर? म्हणजे लोकांनी विश्वास कशावरून ठेवला?"

कोणी भिंतीकडं बघत होतं, कोणी छपराकडं. मधुकरराव खाकरला. "तो गोडबोल्याच होता ना मॅडम. त्याच्याच बोलन्यावर गेले सारे," तो म्हणाला. तीन दिवसांपूर्वी ज्यानं भरल्या अंगणात सेवकरामची इज्जत उतरवली होती, तोच आता त्याला झाकत होता. मॅडमनी मान डोलावली आणि पेन पुढं नेलं.

"थांबा मॅडम," सेवकराम म्हणाला. "माह्या भरवशावर. असं लिहा."

"तुम्हीही फसलेलेच आहात. हे लिहिलंच पाहिजे असं नाही."

"लिहा ना जी. यायनं त्याचं तोंड पाहून नाई घेतलं, माहं पाहून घेतलं. मी दाना फोडलो अन् चूप बसलो. चूप बसाचे मले दोन थैल्या भेटल्या. माहं नाव लिहा, अन् सही पहिले माही घ्या."

मॅडमनी लिहिलं. सेवकरामनं सही केली, नंतर सुलोचनाबाईनं, मग एकेक करून अकराही घरांनी. ज्या म्हातारीनं गिलास फेकला होता तिनं अंगठा उठवला. जाता जाता मॅडम सांगून गेल्या की आंधळगावच्या दुकानात उद्या माल उतरतो आहे, त्यांनी स्वतः गोदामात चौकशी केली आहे. पण बिल, टॅग आणि तारीख पाहिल्याशिवाय थैली उचलायची नाही. पिकअप पोलिसांच्या मागून गेली. ट्रॉलीचं पंक्चर आपोआप निघालं.

माणसं पांगली तरी पुष्पाबाई सपरीच्या पायरीवर बसून होती. सेवकराम आत गेला आणि एका डब्यातून पैसे काढून आणून तिच्यासमोर ठेवले. "एका थैलीपुरते हाये," तो म्हणाला. "मधुकररावच्या विहिरीचंही मी बोललो. परवाचा दिवस तो देते."

पुष्पाबाईनं ते पदराला बांधले, पण उठली नाही.

"भाऊजी, सकाऊन दुकानात तुमी संग चला."

"मी?" सेवकराम म्हणाला. "अवो, माहं ऐकून तं बुडाली असती. दुसऱ्या कोनाले घेऊन जा."

"कोनाले नेऊ? फसलं तं सारं गाव. पन मी फसलो, असं दारात येऊन सांगनारा मले एकच भेटला. मी त्याच्याच संग जाईन."

सेवकरामनं मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला. आतून सुलोचनाबाई म्हणाली, "आठची एसटी हाये. नवाले दुकान उघडते. जाताना डिंपललेही न्या, बिल तेच वाचन."